लँकेस्टरचं फूल आणि मूठभर चिंच

...आणि देव कुठे, तर टम्बल ड्रायरवर! हसू नका. तुम्हाला सांगते, चौदा वर्षं आमचा बाळकृष्ण टॉवेलांबरोबर थरथरतोय, कारण लाउंजमधली एकुलती एक धड भिंत कोणाला? बंदुकीला! जुनी, अमेरिकन, माझ्याहून उंच. तिनं कावळासुद्धा मरत नाही, पण लंडनच्या अख्ख्या ईलिंगमध्ये तिचा सेवेकरी एकच, आमचे जयंतराव!

तिच्या दस्त्यावर पितळेचं कोरीव झाकण, झाकणाच्या टोकाला डेझीचं फूल. येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच, मला उठल्यासुटल्या तेच... 'फूल बघ, श्यामला, फूल! ही लँकेस्टरची पद्धत!' मी एकदाच म्हटलं, मग जाऊन येऊ की, इंग्लंडातच तर आहे, युस्टन स्टेशनहून गाडी आहे. असं बघितलं माझ्याकडे! 'अगं, पेनसिल्व्हेनियातलं लँकेस्टर! तिथे दर काउंटीचा कारागीर वेगळं झाकण घडवायचा, झाकणावरून गाव कळतं!' आणि त्या झाकणाखाली ठेवायचे काय? गोळीला गुंडाळायच्या तेलकट चिंध्या! चिंध्यांना पितळेचा महाल आणि देवांना ड्रायर!

शेवटी भांडून कबूल करून घेतलं. जाणकार आणा. लँकेस्टरची ठरली तर भिंत तिची, मी जन्मात तोंड उघडणार नाही. नाही ठरली तर ती लॉफ्टमध्ये आणि देव त्या भिंतीशी. जाणकार कोण, तर केंब्रिजची अक्षया. आपलीच पोर, जन्म इथलाच, जुन्या बंदुकांवर पीएचडी करते. आईबाप काय म्हणाले असतील, जाऊ दे.

ती यायची शनिवारी. सकाळी मी देव घासत होते, चिंच-मिठानं. नजर गेली झाकणावर... काळंकुट्ट! परक्याची पोर पहिल्यांदा येणार आणि घरात असलं पितळ? मूठभर चिंच उरली होती. घासलं! असं लखलखलं म्हणून सांगू... सवतीची वेणीफणी केली हो मी!

हे अंघोळीहून आले आणि किंचाळले. 'फूल बघ, श्यामला, फूल! दोनशे वर्षांचा रंग होता तो!' रंग? आमच्याकडे त्याला मळ म्हणतात! झालं, बोलणं बंद.

अक्षया आली. आधी 'ओह नो!' म्हणाली, मग भिंग काढून झाकणावर वाकली. 'काकू, हा फूल पिवळी आहे. झाकण लाल. मध्ये जॉइंट दिसतो. काका, सॉरी, हा फूल नंतर लावली.' म्हणजे झाकण दुसऱ्याच गावचं, लँकेस्टरचं फूल कुणीतरी मागाहून डकवलेलं! मळाखाली दोन्ही काळी, म्हणून चौदा वर्षं एकाच घराण्यातली वाटत होती.

जिंकले की मी! पण ह्यांचा चेहरा बघवेना हो. एवढंच म्हणाले, 'तू घासेपर्यंत लँकेस्टरची होती.' मला मेलीला वाईटसुद्धा वाटलं. अक्षयाला गाडीपर्यंत सोडलं, आले, हात धुतले, देव आणायला ड्रायरकडे वळले... तर लाउंजमधून आवाज, अगदी तरणाताठा!

'अगं, मग झाकण कुठल्या काउंटीचं? ते कळल्याशिवाय तिला लॉफ्टमध्ये कशी टाकू? अजून खालची पट्टी आहे, घोड्याजवळचं पितळ आहे... श्यामला, चिंच उरलीय का गं?'

काय करणार? भिजत घातलीय.