बाजूच्या सीटवरून

डॉक्टर : नाही, तोल जातोय तो कानाच्या दुखण्यानं नाही. आणि मनाचे खेळ तर मुळीच नाहीत.

नवरा : मग आहे तरी काय, डॉक्टर? दोन महिन्यांपूर्वी ही गाडी शिकवत होती हो! आज हातातला घास तोंडाऐवजी गालाला लागतोय.

मास्तरीण : आणि जीभ... ऐकताय ना? प्यायल्यासारखी.

नवरा : तेच म्हणाला तिचा मालक, ड्रायव्हिंग स्कूलचा. नळीत फुंकर मारायला लावली हिला! अर्ध्या शहराला हिनं स्टिअरिंग धरायला शिकवलं. ओळखीतलं कुणी नावानं हाक मारत नाही, सगळे मास्तरीणबाईच म्हणतात. आणि हिला नळी!

मास्तरीण : शून्य आलं.

नवरा : शून्य आलं, तरी किल्ल्या काढून घेतल्याच ना?

मास्तरीण : अहो. त्यांना... बोलू द्या.

डॉक्टर : डोक्याच्या मागच्या बाजूला, खाली, लहान मेंदू असतो. हात किती लांब न्यायचा, पाऊल कुठे टेकवायचं, जीभ कशी वळवायची, हा सगळा ताळमेळ त्याच्याकडे. तुमच्या रक्तात एक प्रतिद्रव्य सापडलंय. तुमच्याच शरीराची संरक्षक फौज त्या लहान मेंदूतल्या पेशी मारतेय.

नवरा : घरचीच माणसं? का पण?

डॉक्टर : उगाच नाही. हे प्रतिद्रव्य दिसलं की बहुतेक वेळा शरीरात कुठेतरी कर्करोगाची गाठ दडलेली असते. बायकांमध्ये स्तनात नाहीतर अंडाशयात. त्या गाठीत जे प्रथिन असतं, तेच लहान मेंदूच्या पेशींतही असतं. फौज गाठीवर चालून जाते आणि मेंदूलाही शत्रू समजते.

मास्तरीण : चोर सोडून... संन्याशाला फाशी.

डॉक्टर : चोरालाही सोडत नाहीये, मास्तरीणबाई. बदडतेय त्यालाही. म्हणूनच तो इतका बारीक राहिलाय की सापडत नाही.

नवरा : सापडत नाही म्हणजे नाहीच! छातीचा फोटो झाला, पोटाचं स्कॅन झालं, सगळं स्वच्छ. तुम्हीच म्हणालात.

डॉक्टर : म्हणूनच सगळ्या अंगाचं ते दुसरं स्कॅन केलं. उजव्या काखेत एक गाठ किंचित उजळलेली दिसतेय. अगदी किंचित. सर्जन म्हणतात, तीन महिने थांबून पुन्हा बघू.

नवरा : मग थांबू की. शहाण्या माणसाचं ऐकावं.

डॉक्टर : मला थांबायचं नाहीये. एकदा मेलेली पेशी परत येत नाही. कर्करोग सापडून त्याला आवर घातल्याशिवाय ही फौज शांत होणं कठीण. तोवर फौजेला वेसण घालायची औषधं मी आजपासूनच सुरू करतेय.

नवरा : आणि गाठ काढली न् तिच्यात काहीच निघालं नाही तर? हिच्या अंगाची उगाच चिरफाड? आधीच उभं राहवत नाही तिला!

डॉक्टर : असं होऊ शकतं. खोटं सांगणार नाही.

मास्तरीण : मी बरी... होईन?

डॉक्टर : या आजाराचे बरेच प्रकार आता ओळखता येतात. काहींत माणसं पुन्हा चालती-बोलती होतात. तुमचा प्रकार तसा नाही. पूर्वी अशा रोग्याच्या कागदावर 'कारण अज्ञात' लिहून घरी पाठवायचे. आज कारण कळतंय, कुठे शोधायचं तेही कळतंय. आहे तिथं थांबवता आलं तर मी ते मोठं यश समजेन.

नवरा : म्हणजे गाडी चालवणं...

डॉक्टर : नाही. ते परत येईल असं मी म्हणू शकत नाही.

मास्तरीण : गाडी उतारावर असली... तर ब्रेक आधी. रस्ता कुठं जातो... ते नंतर. काढा गाठ.

नवरा : अगं, रात्रभर विचार तरी कर!

मास्तरीण : रात्रभरात... अजून किती पेशी जातील? काढा.

* * *

नवरा : ऐकतेस का? डॉक्टरांचा फोन होता. काखेतल्या गाठीचा रिपोर्ट आला.

मास्तरीण : सापडला?

नवरा : सापडला. स्तनाचाच कर्करोग. स्तनात अजूनही काही दिसत नाही, पण गाठीत आहे. अगं, हसतेस काय? कर्करोग निघालाय तुला!

मास्तरीण : होताच. आता त्याचा... पत्ता लागला.

नवरा : पत्ता लागला म्हणे! सकाळपासून गिऱ्हाईकाच्या सदऱ्याची एक बाही उलटी शिवली, ती उसवली, पुन्हा उलटीच शिवली.

मास्तरीण : पुढं काय... म्हणाल्या?

नवरा : केमो. दर आठवड्याला जायचं. मी नेईन ना तुला. टॅक्सीनं.

मास्तरीण : मागच्या खेपेचा... टॅक्सीवाला?

नवरा : त्याचं नाव काढू नकोस. झुलणारी बाई दिसली की काच वर! मग बसनं जाऊ. उचलून चढवीन.

मास्तरीण : तुमची कंबर... शिवणयंत्रासमोर वाकून वाकून गेलीय. दोघं पडू. गाडी शिका.

नवरा : कोण, मी? या वयात? लग्न झाल्यापासून मागे लागलीस तेव्हा नाही शिकलो!

मास्तरीण : तेव्हा हौस होती. आता... नड आहे. गाडी दारात धूळ खातेय.

नवरा : आणि शिकवणार कोण? तुझ्या त्या मालकाच्या पाया पडू?

मास्तरीण : त्याचा मास्तर येईल. चांगला आहे, मीच... तयार केलाय. पुढं तुमच्या शेजारी तो. मागं मी.

नवरा : मागे बसून काय करणार?

मास्तरीण : ओरडणार.

* * *

मास्तरीण : आरसा... बघा आधी. मग वळा.

नवरा : बघितला. लायसन आहे आता माझ्याकडे, विसरू नकोस. मास्तर नाही, आणि तूही आता मागे नाही, शेजारी. दोघंच.

मास्तरीण : दुसऱ्या खेपेला... पास झालात.

नवरा : पहिल्या खेपेला तो परीक्षकच तिरसट होता.

मास्तरीण : खांबाला... खेटवली तुम्ही.

नवरा : निसटती. बरं, थांब, चौक आला. आधी क्लच, मग... हां. थांबली! बघितलंस? अगं, पायानं काय करतेयस तू?

मास्तरीण : ब्रेक दाबतेय. शिकवणीच्या गाडीसारखा माझ्या बाजूला ब्रेक नाही... तरी पाय शोधतोय. आणि शोधतानाही... चुकतोय.

नवरा : थांब, चष्मा पुसू दे.

मास्तरीण : आलेलं रडू... घरी गेल्यावर. सिग्नल बघा.

नवरा : लाल आहे अजून. मघाशी डॉक्टरांनी नाकाला बोट लावायला सांगितलं ना, तेव्हा मी टक लावून बघत होतो. मागच्या वेळी जितकं हुकलं, तितकंच हुकलं आज. त्याहून जास्त नाही. थांबलंय म्हणाल्या. म्हणजे आता हळूहळू बरं होणार, असंच ना?

मास्तरीण : तसं नाही म्हणाल्या. थांबलंय... म्हणाल्या.

नवरा : तेवढंच?

मास्तरीण : तेवढ्यासाठीच... अंग चिरून घेतलं. ऑपरेशनच्या कागदावर सही मला करता येईना, अंगठा उठवला. काल परगावच्या आपल्या मुलीला फोन केला. 'काय म्हणालीस' असं... एकदाही विचारलं नाही तिनं. आणि उद्यापासून... नव्या पोरांना रस्त्याचे नियम शिकवायचेत. खुर्चीवर बसून.

नवरा : मालकानं बोलावलं?

मास्तरीण : मीच सांगितलं त्याला. येतेय म्हणून. हिरवा झाला.

नवरा : हो, हो. क्लच... पहिला... अरे, अरे! बंदच पडली. मागचा बघ कसा हॉर्न मारतोय!

मास्तरीण : मारू द्या. किल्ली. क्लच पूर्ण दाबा. मशीनचं पायडल नाही ते... हळू सोडा. हळू.

नवरा : निघाली! जरा उसळ्या मारतेय. तुला धक्के बसतायत का गं?

मास्तरीण : बसतायत. चालवा तुम्ही.