करवंदीचं कुंपण तोडल्याबाबत

मी पुतळाबाई मंगळू भोये, वय ६६ वर्षे, काम घरकाम, राहणार मखमलाबाद रोड, नाशिक. आज मुलगा सुनील याच्यासोबत पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की,

आमचं मूळ गाव सुरगाणा तालुक्यात आहे. इथे घर बांधलं तेव्हा मी गावाकडच्या करवंदांच्या बिया पिशव्यांत रुजवल्या आणि रोपं शेजारच्या हद्दीवर लावली. करवंदीला पाणी घालावं लागत नाही. गुरं तोंड लावत नाहीत. फुलं पांढरी, वासाची. जाळी डोक्याच्या वर गेली.

पलीकडे भिकन अहिरे राहतात. ते रिक्षा चालवतात. काट्यांनी त्यांच्या रिक्षाचं हूड फाटलं, त्यावरून माझे पती मंगळू आणि त्यांचं भांडण झालं. बोलणं बंद झालं. पती वारले तेव्हा भिकनभाऊ फाटकाशी बराच वेळ उभे राहून गेले.

परवा दुपारी मी लोणच्यासाठी कच्ची करवंदं तोडत होते. चक्कर येऊन जाळीच्या बुडाशी पडले. उठता येईना. फाटकाला आतून कुलूप होतं. मी भिकनभाऊंना हाक मारली. त्यांचंच नाव का आलं ते सांगता येत नाही. ते पलीकडून म्हणाले, "वहिनी, हलू नका. आलोच." कोयत्याने जाळी तोडून ते आत आले आणि मला उचलून रिक्षाने दवाखान्यात नेलं.

गल्लीतल्या कोणीतरी सुनीलला पुण्याला फोन केला, की भिकन कोयता घेऊन तुमच्या आवारात घुसला. माझा फोन घरीच राहिला होता. मी उचलत नाही म्हणून घाबरून त्याने तिथूनच पोलिसांना फोन करून तक्रार दिली. तो म्हणतो, "आई, मला काय माहीत?" त्याचंही खरं आहे.

पोलीस दवाखान्यात आले तेव्हा भिकनभाऊ माझ्या खाटेजवळ बसले होते. त्यांच्या दोन्ही हातांत काटे मोडले होते. सलाईन संपल्यावर मी नर्सबाईंकडून सुई मागून घेतली होती आणि एकेक काढत होते. ते "राहू द्या वहिनी" म्हणत होते, पण हात मागे घेत नव्हते. शेवटचा काटा निघेपर्यंत पोलीस थांबले. मग भिकनभाऊंना इथे ठाण्यात आणलं.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. करवंदी चिवट असते, मुळं राहिली की पुन्हा फुटते. भिकनभाऊंनी तोडलेल्या तेवढ्या वाटेवर मात्र मी ती फुटू देणार नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात भिकन अहिरे यांच्या नावापुढे 'गैरअर्जदार' लिहिलं होतं. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'शेजारी' केलं. आता बरोबर आहे.