मिटल्या तोंडाचं माप

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. माणसाचं माप घ्यायचं कधी? तो गप्प बसलेला असताना — की त्यानं तोंड उघडल्यावर? अं? काकू म्हणतात, तोंड उघडल्यावर! काकू, काका पलीकडेच बसलेत, जरा जपून!

तर चिपळुणात एक हेरंबराव होते. बँकेतून निवृत्त. आणि नाद कसला? कानात घालायच्या इअरफोनचा! साधे नव्हेत हो — एका जोडीच्या पैशात घरात फ्रीज यावा, असे! आपण सकाळी उठून देवाला हात जोडतो. हे उठून एक जोडी काढणार, दुसरी घालणार. गाणं तेच, तबला तोच! "हिच्यात डग्गा छान घुमतो, पण झांज टोचते. हिच्यात झांज गोड, पण डग्ग्यात दम नाही." मग रबरी टोप्या बदलायच्या — उजव्या कानाला मधली, डाव्याला लहान. कारण काय? तर कानात जरा फट राहिली, की पहिला पळतो तो डग्गा! हे मात्र त्यांचं सोळा आणे खरं. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांच्या पत्नी विभावरीबाई. गळा असा, की ऐकत राहावं! गावातल्या वाद्यवृंदात अर्धं आयुष्य गायल्या. वृंदाचे चालक सबनीस. त्यांनी नवी पद्धत आणली — गाणाऱ्यांसाठी स्टेजवर स्पीकर नकोत. तानपुरा आणि स्वतःचा आवाज इअरफोनमधूनच ऐकायचा. झालं! हेरंबरावांची दिवाळीच! म्हणाले, "दोघांनाही कानाच्या मापाचेच करून घेऊ. त्याहून उत्तम काही नाही."

गेले पुण्याला. मापवाल्यानं विचारलं, "बाई, कशासाठी हवेत?" बाई सांगणार, तेवढ्यात हेरंबराव — "ऐकायला! आणखी कशाला असतात?" मंडळी, नवरा हा असाच! बायकोला ताप आला, तरी डॉक्टरला हाच सांगणार, "तिला काही होत नाही!"

कानात मऊ लगदा भरला. तो घट्ट झाला की साचा तयार. बाई म्हणाल्या, "अहो, मी जरा गाऊन बघते —"

"शू! माप बिघडेल. अगदी गप्प बस."

बसल्या बिचाऱ्या.

इअरफोन आले. घरी खुर्चीत बसून ऐकले — वा! दोघंही खूश. पण बाई तालमीला उभ्या राहिल्या, आलापाला तोंड उघडलं — आणि तानपुरा गायब! बाहेरचा गलका तेवढा आत. सूर हलला. परत हलला. सबनीस सभ्य माणूस. बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, कोजागिरीच्या कार्यक्रमात असं झालं तर चालायचं नाही. मला दुसरी गायिका बघावी लागेल."

बाई घरी आल्या, भाताचं आधण ठेवलं आणि रडल्या. अहो, गाणं गेलं तर त्या बाईजवळ उरणार काय? आणि हेरंबरावांनी काय केलं? धीर दिला? छे! म्हणाले, "इअरफोन उत्तम आहे. त्याला नावं ठेवू नकोस. वय झालं, तुझाच कान कच्चा झालाय."

लागलं हो ते! बाईंनी डोळे पुसले. "असं? मग घाला तुमचे कानात. लावा तुमचा तो तबला. आणि आत्ता जे बोललात ना, ते परत बोला. मोठ्यानं!"

घातले. डग्गा घुमला. "हं. तुझाच का—" डग्गा गेला! तोंड मिटलं. डग्गा आला! "—न कच्चा..." गेला! मिटलं — आला! अहो पेटीवाले, हसता काय, सूर धरा!

आता हेरंबरावांना उमगलं! जबडा हलला, की कानाची वाट आतून बदलते. मिटल्या तोंडाचं माप उघड्या तोंडाला बसणार कसं? फट पडणारच! हा माणूस फटीतला एवढा जाणकार, पण आजवर जे ऐकलं ते तोंड मिटून, खुर्चीत. इअरफोन काढले आणि म्हणाले, "विभा, चुकलो गं. कान तुझे, गळा तुझा, आणि उत्तर मी दिलं."

परत गेले पुण्याला. मापवाल्यानं विचारलं, "कशासाठी?" या वेळी हेरंबराव तोंडावर बोट ठेवून बसले! बाई म्हणाल्या, "गायला."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" दाढांमध्ये धरायला छोटा ठोकळा दिला, बाईंना आ वासायला लावून माप घेतलं. नवे इअरफोन आले.

कोजागिरीला बाई गायल्या. तोंड उघडलं, तान घेतली, तानपुरा जागचा हलला नाही. सबनीसांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. खाली उतरल्या, तर हेरंबराव पुढे हजर. "कसे वाटले? नीट बसले ना?"

बाई म्हणाल्या, "छान बसले. पण खरं सांगू? मापाच्या दिवशी तुम्ही गप्प बसलात ना, माझा सूर तेव्हाच लागला."

मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. इथं देवळात तासभर गप्प बसलात. हात जोडलेले, चेहरे शांत. देवाचं नाव कसं चपखल बसलंय! पण हे झालं मिटल्या तोंडाचं माप. आता बाहेर जाल, चप्पल सापडणार नाही. घरी जाल, सून म्हणेल, "एवढा उशीर?" तेव्हा तुमचं तोंड उघडेल. त्या वेळी आतलं नाव जागेवर राहतं, की फट पडते — ते ज्याचं त्यानं ऐकावं.

उठा सावकाश. चपला बाहेरच आहेत.