हिरवी शी आणि निळा दिवा

बाळांच्या वॉर्डात सगळं शांत होतं. थर्मासच्या झाकणावर ठेवलेला फोन खडखडला, तशी मोरेनिके दचकली. तिचा एक हात काचेच्या पेटीत, निळ्या दिव्याखाली झोपलेल्या बाळाच्या पायावर होता. दुसऱ्या हातानं तिनं फोन कानाला लावला. सासूबाईच.

"हॅलो?... हो आई, मीच… झोपलाय. नाही हो, रडत नाहीये… हो, शी पातळच होतेय. हिरवी… अहो, आधी ऐका ना! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या दिव्यानं होतं असं. कावीळच बाहेर पडतेय ती… पुरळ? आहे थोडं, पोटावर. तेही दिव्यानंच. दिवा बंद झाला की जाईल… भाजत कसलं नाहीये! तुमच्या ओगीच्या लापशीचं पातेलं आहे का ते चुलीवरचं?… पाजतेय ना, सारखी पाजतेय. अंग कोरडं पडतं म्हणून…

"काय? तुमच्या धाकट्याला, गबेंगाला पाठवलंत? कशाला?… घरी आणायला? नाही, आई, नाही!… माहितीय मला, उद्या आठवा दिवस. नाव ठेवायचंय, अख्खं अबेओकुटा शहर जेवायला बोलावलंय तुम्ही… कच्च्या पपईच्या पाण्यानं नाही हो उतरत ही. दिवा काढला आणि कावीळ डोक्यात चढली, तर मूल जन्मभर…"

तिनं इवला तळवा चाचपला.

"कपडे? कुठले कपडे दिलेत त्याच्याजवळ?… माझ्या सिमीचे जुने? ट्रंकेतले?… आई, त्या ट्रंकेत डांबरगोळ्या आहेत?… हो, हो, सगळेच ठेवतात… थांबा. घरी त्याला ज्या दुपट्यात गुंडाळलं, तेही तिथलंच ना?… आणि मग डोळे पिवळे झाले… अहो, डॉक्टरीणबाईंनी हेच विचारलं होतं! मी छातीठोकपणे 'नाही' म्हणाले. काही बाळांच्या रक्ताला तो वाससुद्धा सोसत नाही म्हणे, त्यानंच कावीळ होते…

"हॅलो?… आई?… रडताय?… अहो, तुम्हाला कुठे माहीत होतं! दुपट्यात नाक खुपसून 'काय स्वच्छ वास येतोय' कोण म्हणालं होतं? मीच ना?… आधी गबेंगाला फोन लावा. ते कपडे घेऊन वॉर्डात पाऊल टाकू नकोस म्हणावं… आणि पाहुण्यांना… काय सांगायचं ते सांगा. नाव थांबेल, आई. याची कावीळ थांबायची नाही… काय?… खरंच जेवण रद्द करताय?… शिव्या खाल हं भावकीच्या… बरं. बरं, आई.

"कोण, सिमी? अगं, आजीच्या हातातून ओढलास होय फोन?… हो, सगळा निळा दिसतो तुझा भाऊ. डोळ्यांवर पांढरी पट्टी. उजेड टोचू नये म्हणून… नाही गं, घाबरत नाही. मी हात लावून बसलेय ना… काय?… परत बोल…

"डोळे बांधलेत… तर तो हात माझाच आहे… हे त्याला कसं कळतं, म्हणतेस?…"