हाराचा गुलकंद

गुलकंद इकत आणलास व्हय बे? आमच्या सरूआत्याचा खायला पायजे व्हता.

दुष्काळात गावात पाण्याची बोंब, पण कारखान्याचे चेअरमन आले की वडवणीहून गुलाबाचा हार यायचाच. साहेब "टँकर पाठवतो" म्हणायचे, हार टेबलावर काढून ठेवायचे आन् जायचे. आत्या तो हार पदरात घालून घरी आणायची.

एकदा साहेब आमच्या ओट्यावर टेकले. पाहुण्याला आधी पाणी द्यायची रीत, पण आत्यानं नुसती गुलकंदाची वाटी पुढं केली.

"वा! मावशी, असल्या दुष्काळात गुलाबाची बाग कुठं लावली?"

"बाग कुठली? पाकळ्या तुमच्या हाराच्या, साखर तुमच्या कारखान्याची, ऊन दुष्काळाचं. हाराच्या गुलाबाला वास न्हाई, म्हणून वेलची जरा जास्त घातली."

साहेब खूष. वाटी चाटूनपुसून म्हणाले, "लई ग्वाड हाय. जरा पाणी द्या."

आत्या जागची हलली न्हाई. "पाणी? ते तर तुमी देणार व्हता ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच टँकर आला. मागून साहेब बी आले. आमी हार घेऊन पुढं झालो, तर मान मागं घेत म्हणाले, "गळ्यात नको रे बाबांनो, थेट मावशीच्या बरणीत टाका."