खोलीत माणसं किती

आई : म्हणजे तुझ्या त्या कॉम्प्युटरमध्ये मी एखाद्या दिव्यासारखी?

लेक : तसंच समज. तुझ्या घराला केवढे हीटर लागतील, त्याचा हिशेब आहे हा. माणूस नुसता बसला तरी अंगातून शंभरेक वॉट उष्णता सोडतो. झोपला की सत्तर. ती धरली नाही तर हीटर उगाच मोठे घेतले जातात.

आई : जन्मभर राबून शेवटी सत्तर वॉट. बरं आहे!

लेक : मस्करी नको गं. मागच्या वेळी मी खोल्यांमध्ये थर्मामीटर ठेवून गेले होते ना, त्यांच्याशी हिशेब जुळवतेय. हॉल काही केल्या जुळत नाही. रात्री गरम राहतो. बेडरूम मात्र हुबेहूब. तुला एकटीला तिथे झोपलेली धरलं आणि थर्मामीटरची नि हिशेबाची, दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या.

आई : कुठली बेडरूम?

लेक : तुमची. म्हणजे... तुझी.

आई : मी नाही झोपत तिथे.

लेक : काय?

आई : हे गेल्यापासून हॉलमध्ये सोफ्यावरच पडते. तुला सांगितलं असतं तर घर विकायला लावून मला घेऊन गेली असतीस.

लेक : थांब. तुला हॉलमध्ये टाकते. जुळला. आता बेडरूममध्ये शून्य... हिशेबाची रेघ खाली गेली. आई, आत काय चालू असतं?

आई : काही नाही. दार बंद, दिवा बंद. मी पाऊलसुद्धा टाकत नाही.

लेक : शेजाऱ्यांची भिंत, दुपारचं ऊन, सगळं धरलंय मी! अंगावर काटा आला माझ्या. तू आत का जात नाहीस? भीती वाटते बाबांची?

आई : ते आत नसतील, याची.

लेक : आई, माझंच काहीतरी चुकलं असणार. भिंतीची जाडी असेल. उद्या परत मोजते.

आई : आणि मोजल्यावर शून्यच निघालं तर?

लेक : रिकाम्या खोलीत हीटर बसवत नाहीत. ती खोली बंदच ठेवायची.

आई : गार पडेल गं. ह्यांना थंडी मुळीच सोसायची नाही. दोन-दोन पांघरुणं घातली तरी पाय बर्फ. मी चोळत बसायचे.

लेक : माहितीये मला.

आई : मग? काय करतेयस?

लेक : भिंत राहू दे. एक माणूस लिहिलाय, आई. झोपलेला.