रामाकोन्याचे सात कागद

(रामाकोना. संत्र्याच्या बागेतलं घर, सकाळची गच्ची. कोपऱ्यात हवा ओढणारा पंप घरघरतो आहे; त्याच्या तोंडाशी गाळणीचा कागद.)

दामिनी : हवा कधी खोटं बोलत नाही, काकू. माणसं बोलतात, आकडे बोलतात. हवा नाही.

जयवंता : हो व बाई. चहा थंडा होऊन राहिला.

दामिनी : सात दिवस हा पंप तुमची हवा ओढतोय. आणि कागद बघा. रोजचा एक, आणि सातवाही पांढराशुभ्र.

जयवंता : मंग चांगलंच हाय ना.

दामिनी : तिसऱ्या दिवशी मलाही वाटलं, शोध लागला. पुण्याला सरांना लिहून टाकलं, रामाकोन्याइतकी स्वच्छ हवा देशात कुठे नसेल. सर म्हणाले, पुन्हा बघ.

जयवंता : पाह्य ना मंग.

दामिनी : पलीकडच्या शेतात रामाजी चार दिवस कपाशीच्या पऱ्हाट्या जाळताहेत. माझे डोळे चुरचुरतात, आणि कागदाला पत्ता नाही. माझी पीएचडी या सात कागदांवर उभी आहे, काकू.

जयवंता : एवढ्याशा कागदावर? काय पाह्यचं असते तुले त्याच्यात?

दामिनी : आम्लं. खाली संत्र्याचा बहार फुलला होता ना, त्याचा वास वर जातो. उन्हात तरंगत राहतो. तरंगता तरंगता बदलतो, आंबट होतो, आणि एखाद्या कणावर बसून राहतो.

जयवंता : म्हंजे वास म्हातारा होते.

दामिनी : साधारण तसंच.

जयवंता : आन म्हातारा झाला का आंबट. आमच्या घरच्या पुंडलिकरावावानी.

दामिनी : पुण्याच्या यंत्रात मग एकेका रेणूचं वजन होतं. वजनावरून कळतं, हा कोण, कुठून आला.

जयवंता : वासाचं वजन! किती भरत असन व?

दामिनी : दिवसभराचं धरलं तरी मिठाच्या कणाहून कमी.

जयवंता : एवढ्या साऱ्या बागेचं? पहाटे पाच वाजता इथं उभं राह्यलं, का तो वास अंगाले पांघरुणावानी लागते. असं वाटते, जमिनीवर पायच नाई आपले. आन तू म्हंते मिठाएवढाबी नाई.

दामिनी : मी आठला येते. पाचला तुम्ही गच्चीवर काय करता?

जयवंता : पाणी तापवाची चूल पेटवतो ना.

दामिनी : चूल खाली आहे.

जयवंता : चूल खालतं. कागद वरतं.

दामिनी : काकू.

जयवंता : भल्ला मळते बाई तो. कायाकुट्ट. पयल्या दिवशी धुवाले गेली, तं कोपरा सुटाले लागला. मंग चिमट्यानं निखाऱ्यावर धरला. म्हटलं, जळला तं गेलं. तं जळलाच नाई! काळं तेवढं उडालं. थंडा केला, तुया येण्याच्या आत होता तसा बसवला.

दामिनी : तो कागद नाही, काकू. क्वार्ट्झचा आहे. तो जळत नाही. आम्लं जळतात.

जयवंता : म्हंजे चुकलं काय माझं?

दामिनी : वापरण्याआधी आम्हीही भट्टीत भाजतो. इतका स्वच्छ निघत नाही.

जयवंता : एकबी दिवस खाडा नाई केला.

दामिनी : सातही?

जयवंता : सातही.

दामिनी : आठ महिने थांबून यंत्राची पाळी मिळाली. मंगळवारची. यंत्र सांगेल, रामाकोन्यात सात दिवस हवाच नव्हती.

जयवंता : पंप चालूच हाय ना. ओढू दे अजून.

दामिनी : बहार गळला. खाली बघा, आळ्यात नुसत्या पाकळ्या. पण काकू, कशासाठी? कुणी सांगितलं होतं?

जयवंता : कागदाच्या डब्बीवर तूच तं लिहेल हाय, जयवंताबाई, रामाकोना. माझ्या नावाचा मळका कागद पुण्याले जाईन. चार शिकेल माणसं पाहतीन. म्हंतीन, कशी राहते ही बाई.

दामिनी : ते मी माझ्या लक्षात राहावं म्हणून लिहिलं. पुण्याला नाव जात नाही, काकू. नुसता नंबर जातो.